तिसऱ्या गाण्यातलं हसू

३ सप्टेंबर २०२४

रेकॉर्ड द्यायची नाही! ठरलं.

इस्रायलमधल्या हैफाहून त्या ओमेरचा परत मेल. जुन्या रेकॉर्डी हुडकून नव्याने काढतो म्हणे. आमच्या ‘पळस्पे फाटा’ बँडची ‘नाक्यावर नाच’ त्याला पुन्हा काढायची आहे. चाळीस वर्षांनी! डिस्को मेला, बँड मोडला, मी बेस गिटार ठेवून बँकेत चिकटलो, रिटायरही झालो. आता आठवण झाली लोकांना. मूळ टेप कंपनीच्या गोदामात कुजली, म्हणून त्याला माझी रेकॉर्ड हवी. आमच्याकडे उरलेली एकच.

५ सप्टेंबर

तरी बायकोला, अविटलला, विचारलं. गायली ती, तेव्हा मर्जी तिची. पाटीवर लिहिलं — ‘तुला हवं ते कर.’ आणि आत गेली.

फेब्रुवारीत ऑपरेशन झाल्यापासून हेच. स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक, आत झडप. भोकावर बोट दाबून बोललं की आवाज येतो. हॉस्पिटलात एकदा बोलली. स्वतःचा तो घोगरा आवाज ऐकला आणि हात खाली घेतला तो घेतलाच! बोलायला शिकवणारी विनिता सांगून सांगून थकली — “काकू, एक शब्द! नुसती काकांना हाक मारा.” नाही म्हणजे नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावताना प्रार्थनेलाही फक्त ओठ हलतात.

मला तिचा आवाज हवाय. कसलाही. पण हे तिला सांगायची छाती होत नाही.

९ सप्टेंबर

ती भाजीला गेली की मी रेकॉर्ड लावतो. चोरासारखा! तिसरं गाणं. दुसऱ्या कडव्यात ती शब्द विसरते आणि फस्सकन हसते. हा किस्सा मी आजवर कुणाकुणाला सांगितला असेल! रेकॉर्डिंगवाल्याने राहू दिलं होतं. पुढे कॅसेट निघाली त्यात कापलं — चूक वाटते म्हणून. सीडी कॅसेटवरूनच काढली, तिच्यातही नाही.

आज नेमकी तिथेच सुई अडखळली. ऐकून ऐकून मीच झिजवली.

म्हणजे द्यायलाच हवी. नाहीतर एवढंही जाईल.

१४ सप्टेंबर

कुरिअर केली. जेवण गेलं नाही.

२ ऑक्टोबर

ओमेरने साफ केलेलं गाणं पाठवलं. चकचकीत! माझा बेस इतका स्पष्ट कधी ऐकलाच नव्हता. आणि हसू गायब! ‘नॉइज म्हणून काढलं.’ नॉइज? माझी बायको आहे ती!

डोकं फिरलं, तडक सुकापूरला शिवाकडे गेलो. आमचा ड्रमर. शेत बिल्डरला दिलं, ड्रम मात्र अजून ओट्यावर. म्हणाला, “तिचा हसू काढला तं गान्यान रायला काय रं, एल्या? ठेव म्हनावं, नायतं नको तुजी रेकॉर्ड!”

तसंच लिहून टाकलं. त्याच्या शिव्या वगळून.

४ ऑक्टोबर

ओमेर कबूल झाला. हसू ठेवतो.

अविटलने पाटीवर विचारलं — ‘कुणाशी भांडत होतास?’ सगळं सांगितलं. चोरून ऐकतो तेही. पाटी पुसली.

मी तरी कुणासाठी करतोय हे? नवरा रोज जुनाच आवाज कवटाळून बसला, तर नवा काढायची हिंमत तिला व्हावी कशी? गाढव आहे मी. फार भीती वाटते. ती आता कधीच बोलली नाही तर?

१७ डिसेंबर

नवी रेकॉर्ड आली. टेबलावर ठेवली. ती बघून बाजूने निघून गेली. मीही लावली नाही.

१८ डिसेंबर

सकाळी तिनेच लावली. तिसरं गाणं. हसू आलं. सुई उचलून मागे नेली, परत तेच ऐकलं. मी दारात, हलायचीही भीती. माझ्याकडे वळली. गळ्याशी बोट नेलं. फाटका, खरखरीत आवाज —

“एल्या, शब्द नव्हते विसरले मी. बेस तुझा चुकला होता!”