जाळी मी काढली होती

भांडुप, ७ फेब्रुवारी १९८६

प्रिय रतन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ‘यंत्र भंगारात द्या, मी पुन्हा त्याला हात लावणार नाही.’ बडोद्याला जाऊन तुला दीड वर्ष झालं, आणि पहिलं पत्र आलं ते असं, दोन ओळींचं. सांगितलंस म्हणून पाना घेऊन पोटमाळ्यावर चढलो. खोलायच्या आधी एकदा बघावं म्हणून बटण दाबलं. दुधी प्लास्टिकचं ते पातळ पान गरगरायला लागलं आणि पंख्याची पाती दिसेनाशी होतात तसं नाहीसं झालं. त्याच दांड्यावरच्या चकतीतली तुझी चोवीस चित्रं दिव्याच्या झोताने त्याच्यावर पडायला लागली, एक डोळ्यातून पुसलं जायच्या आत दुसरं. बघता बघता हवेत जास्वंद उभी राहिली. मी चारी बाजूंनी फिरून बघितली. मागून देठ दिसतो, पुढून केसर. आणि माझाही हात आपोआप पुढे गेला रे. यंत्र घरी आणल्यावर त्याच्याभोवतीची जाळी मीच परत बसवली होती, म्हणून बोटं वाचली. तिथेच खाली बसलो. पाना चालवलाच नाही.

संपात गिरणी गेली त्यानंतर दोन वर्षं मी नुसता बसून होतो. तू येऊन म्हणालास, बाबा, माझ्या यंत्राचा दांडा आणि बेअरिंग तुम्हीच बसवा, दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तेव्हा मला पुन्हा फिटर झाल्यासारखं वाटलं होतं. म्हणून तुझ्या कॉलेजातल्या प्रदर्शनाच्या दिवशी मी नवा शर्ट घालून आलो. तू प्राचार्यांना बोलवायला गेलास आणि जाताना बजावलंस, ‘काही झालं तरी जाळी काढायची नाही हं.’ मी मान हलवली. तू वळलास तोच बघायला आलेले दोघे हसले, म्हणाले, फूल पिंजऱ्यात कशाला ठेवलंय? मला ते लागलं. सगळी उमर मशिनीजवळ काढलेला माणूस मी, म्हटलं, पाच मिनिटांत काय होतंय. चार स्क्रू काढले आणि जाळी टेबलाखाली सारली.

तू सगळ्यांना घेऊन आलास तेव्हा दिवे मालवले होते, तुला काही दिसलंच नसणार. वसुधाबाई सगळ्यांत पुढे होत्या. तुझ्या चित्रांवर महिनाभर तुझ्याबरोबर खपल्या त्या. ‘अरे, किती खरी!’ म्हणाल्या आणि पाकळीला हात लावायला गेल्या. त्यांची किंकाळी अजून कानात आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या, आणि बाई चित्रकलेच्या. दिवे लागले. प्राचार्य ओरडले, ‘जाळी कोणी काढली?’ तू माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीकडे. ‘मी काढली, सर,’ तू म्हणालास.

कॉलेजने तुझं नाव पटावरून काढलं. आई म्हणाली, ‘बाईंचा हात घालवलास, पुन्हा ह्या घराची पायरी चढू नकोस.’ मी तिथेच जेवत होतो. घास खाली उतरला, ह्याची मला अजून लाज वाटते.

काल मुलुंडला वसुधाबाईंकडे गेलो. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने पुढे केला. सगळं सांगितलं. त्यांनी माझा रिकामा कप उचलून ठेवला. मग म्हणाल्या, ‘सहदेवराव, मला सांगून तुमची सुटका नाही. मुलाला लिहा. कॉलेजलाही लिहा.’ कॉलेजला सहीनिशी लिहून आज सकाळी देऊन आलो. ते तुला परत घेतील की नाही, ठाऊक नाही. यंत्र जसंच्या तसं आहे. मोडायचं असलं तर स्वतः येऊन मोड. आता राहिली तुझी आई. समोर तांदूळ निवडतेय, कोणाला लिहिताय म्हणून दोनदा विचारून झालं. पाकीट चिकटवायच्या आधी हे तिला वाचून दाखवणार आहे. तुझं नाव निघालं की ती आजवर उठून जायची. आज तुझ्या नाही, माझ्या रागाने उठून गेली तर जाऊ दे. तू मात्र घरी ये. दार उघडायला तीच येईल.

तुझाच,
बाबा