नानांचा आवाज आणि लाल केबल

२६ सप्टेंबर, शुक्रवार
ठरलं. कॉम्प्युटरच्या आतल्या हार्ड डिस्कच्या केबल बदलायच्या, आणि त्या मीच बदलायच्या. गेल्या कोजागिरीला नानांचं रेकॉर्डिंग अडकत अडकत वाजलं आणि आमचे जावई सुशांतराव नुसते हसले. ते आयटीत आहेत, डोंबिवलीत राहतात आणि लोकांकडे बघून हसतात.
नाना म्हणजे माझे सासरे, चित्राचे वडील. मोहने गावच्या कारखान्यात होते, तिथल्या गोष्टी सांगायचे. ते गेल्यावर त्यांची कॅसेट मीच कॉम्प्युटरवर चढवली आणि मूळ कॅसेट भंगारात दिली. दर कोजागिरीला चित्राला तो आवाज ऐकायचा असतो. माझा आवाज रोज फुकट मिळतो, त्याला या घरात किंमत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
केबल आणल्या. लाल, क्लिपवाल्या, एकदम मजबूत. दुकानदार म्हणाला की केबलने स्पीड वाढत नाही काका. विकायचंच नसेल तर माणसं दुकानं थाटतात कशाला?
सुशांतचा फोन. आधी पेन ड्राइव्हवर कॉपी घ्या बाबा, प्लीज. चित्रानेही तेच टुमणं लावलं. ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही त्याने कॉपी घ्यावी. मी जन्म पर्चेस डिपार्टमेंटमध्ये काढला. प्रमोशन भलत्यांना मिळालं, पण माल मीच पारखायचो.

३० सप्टेंबर, मंगळवार
केबल टेबलावर. कंबर धरली आहे. शिवाय दसऱ्याचा मुहूर्त दारात असताना मंगळवारी कामाला हात घालणारा मूर्ख.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपार
झालं! जुनी एक केबल काढताना तुटली, पण ती तुटायच्याच लायकीची होती. कॉम्प्युटर सुरू केला, खणखणीत चालला. सुशांतला फोटो पाठवला. उत्तर नाही. जळला असणार.
कॅबिनेट उघडंच होतं म्हणून पूजाही आतून करून घेतली. दरवर्षी आपण बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावतो आणि काम करणारे अवयव आत कोरडे राहतात. ओलं गंध, हळद-कुंकू, अक्षता, आपट्याचं पान. डिस्कला केबल जोडतात तिथे गंधाचं ठसठशीत बोट ओढलं. चित्रा म्हणत होती की अहो, बटण तरी बंद करा. बंद यंत्राची कसली पूजा?

तोच दिवस, संध्याकाळ
पूजेच्या वेळी चट् असा आवाज झालेला. थोडा वासही आला. उदबत्तीचा समजलो. आता डिस्क दिसत नाही. म्हणजे मला दिसते, कॉम्प्युटरला दिसत नाही. केबलच डुप्लिकेट.

४ ऑक्टोबर, शनिवार
चित्राने विचारलं की सोमवारी नाना ऐकता येतील ना. म्हटलं, म्हणजे काय! सेटिंग चाललंय.
डिस्क उघडली. स्क्रू चांदणीसारखे, मुद्दाम. पक्कडीने उपटले. आत आरशासारखी चकती, तिच्यावर धूळ. चष्म्याच्या फडक्याने लख्ख पुसली. इतक्या वर्षांत कोणी पुसली नसेल. आवाज अडकायचा तो यामुळेच. सुशांतला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

५ ऑक्टोबर, रविवार
खोपटला एक जण बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देतो. त्याने डिस्क पाहिली, मग मला पाहिलं. म्हणाला की गंधामुळे फक्त बाहेरचं सर्किट जळालेलं, सगळं मिळालं असतं. पण चकती पुसली कोणी?
म्हटलं, जावयाने.
आता काहीच मिळणार नाही म्हणाला. येताना रिक्षात डिस्क रुमालात गुंडाळून मांडीवर धरली. धूळ बसू नये म्हणून.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
लेक ऋजुता आणि सुशांत आले. सांगावं लागलं. चित्रा भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती. केबल, दुकानदार, कंपनी. तिने दूध आटवलं, सगळ्यांना दिलं. मग म्हणाली की या वर्षी आपणच सांगू या नानांची गोष्ट.
कारखान्यातला पहिला दिवस. उसने बूट पायात जाईनात, म्हणून नाना ते हातात घेऊन गेटवर उभे. वॉचमनने बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला... इथे ती अडली. शब्द आठवेनात. ऋजुताने एक वाक्य सांगून पाहिलं, सुशांतने दुसरं. असं नव्हे, असं नव्हे, म्हणता म्हणता चित्राला रडू फुटलं. सुशांत हसला नाही.
मग ती माझ्याकडे वळली. अहो, तुम्ही सांगा ना. त्या वाक्याला दरवर्षी तुम्हीच सगळ्यांत मोठ्याने हसायचात.
सगळे हसले की मी हसायचो. वॉचमन काय म्हणाला, ते मी एकदाही ऐकलेलं नाही.
दूध उतू जातंय का बघतो, असं सांगून आत आलो. गॅस बंदच होता.