एकदा होय, दोनदा नाही

९ जानेवारी १९४६
आज दवाखान्यात एक मुलगी आली—स्वतःचं डोकं दोन्ही हातांत धरून! शमशाद, वय अठरा. केडगावजवळ टांगा उलटला, डोक्यावर आपटली. डॉक्टरबाई ओरडल्या, "हात सोडू नकोस!" एक्स-रेत दिसलं, कवटीखालचा दुसरा मणका मोडलाय. मान जरा हलली तर श्वासच थांबायचा. आणि तिच्याजवळ बसायचं कोणी? मी, शिकाऊ नर्सनं!

१० जानेवारी
हनुवटीला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला वजन. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. कूस बदलायची तर आम्ही चौघी, एका दमात! पट्ट्यामुळे तिला बोलता येत नाही, म्हणून मी शक्कल काढली—होय तर डोळे एकदा मिटायचे, नाही तर दोनदा. "पाणी हवं?" एकदा. "माझा आवाज कर्कश आहे?" एकदा! लबाड कुठली!

१७ जानेवारी
तिची आत्या मुबारकबी कोमट तेलाची वाटी घेऊन हजर. "मान जरा चोळते, मोकळी हुईल." मी मध्ये आडवीच पडले! सगळं तेल माझ्या साडीवर. मेट्रन रागावल्या. रागावू देत. मान शाबूत आहे!

२ फेब्रुवारी
हातपाय छान हलतात. वडील गनीभाई, नेवाशाचे पिंजारी, हेसुद्धा आता लेकीशी डोळ्यांनी गप्पा मारतात. त्यांच्याकडून कळलं—आत्याच्याच मुलाशी, फक्रुद्दीनशी, तिचं लग्न ठरलंय! ते गेल्यावर मी विचारलं, "मुलगा आवडतो ना?" दोनदा मिटले. लाजली हो! हसून हसून माझं पोट दुखलं.

२३ फेब्रुवारी
प्लास्टर! कपाळापासून कमरेपर्यंत. आतला कापूस गनीभाईंनी स्वतः पिंजून आणला. "माज्या लेकीला टोचाया नगं." आणि मग ती उभी राहिली! सहा आठवड्यांनी! मी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरबाईही हसल्या. आता दातांतल्या दातांत चार शब्द बोलते, पण सवय डोळ्यांचीच.

१ मार्च
प्लास्टर अजून तीन महिने राहणार. मुबारकबीला तेवढा धीर नाही. "पोरीची मान गेली म्हनून लोक बोलत्याल." मग मीच सुचवलं, निकाह इथंच, वॉर्डात करा! डॉक्टरबाईंच्या मागे लागले. हो म्हणाल्या! मी तर हवेतच आहे.

५ मार्च
प्लास्टरला सोनेरी जर चिकटवली. अशी नवरी नगरात कोणी पाहिली नसेल! आरसा धरला तर तिचे डोळे भरून आले. सगळ्याच नवऱ्या रडतात.

६ मार्च
पडद्यापलीकडून साक्षीदारांनी विचारलं. एरवी नवरीनं मान खाली घातली की झालं, हिची वाकेना. मुबारकबी तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "डोळं मिटलं! कबूल हाय!"

दोनदा मिटले होते. फेब्रुवारीतही दोनदाच मिटले होते, आणि मी हसले होते.

"थांबा! ती नाही म्हणतेय!" मी ओरडले. गनीभाई बाहेरून आले, तिच्यासमोर खाली बसले. "बेटा, ह्यो निकाह नगं म्हनतीस व्हय?"

शमशादने डोळे मिटले. एकदाच.