सोलरच्या पाट्यांवर मोहफुलं वाळत घातली त्याबद्दल

नाही मामाजी, पंप वापस जाणार नाही! "डिझेल इंजन आन, नाहीतं पंपासंग तू बी गावची बस धर" म्हणून तुमी फोन आपटला, म्हणून लिहून राहिलो. पत्र आपटता येत नाही. (चंचलताई, बाबांच्या डोळ्याले पट्टी हाय, तूच वाचून दाखव. अन काही गाळू नको.) तर शालीकराममामांले हेमराज भाच्याचा रामराम. डोळा कसा हाय? थेंब वेळेवर टाकता ना? मुर्रीत ताईकडं करमते का? इकडं मामी, गाई अन मी मजेत आहो. धानाचं पुढं सांगतो, श्वास घ्या.

तुमच्या माघारी मी रोज दुपारी मामीले कॉलेजच्या लायब्ररीतलं पुस्तक वाचून दाखवतो, पर्यावरण अन सौर ऊर्जेवरचं. मामी मोहफुलं निवडत ऐकते. 'शाश्वत विकास' आला तं तिनं थांबवलं, हे काय होय जी? म्हटलं, आपण वापरायचं, पण पुढच्यांसाठी उरवायचं. तिनं तलावाकडं हात केला. "मंग हे काय हाय? तुह्या मामाच्या आज्यानं पाळ बांधली, आमी पाळीपाळीनं पानी घेतो, दरसाल गाळ काढतो. याले पुस्तक कायले लागते?" मामाजी, तीनशे पानं मी एका बसणीत हरलो. (तरी पुढचा धडा वाचला. हरलेला माणूस जास्त वाचतो.)

आता पंपाचं. ऐन उन्हाळी धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, अन विहिरीवरचा पंप चूळ भरल्यावाणी पाणी थुंकू लागला. मी कंपनीले फोन लावला. तिकडून विचारलं, पाट्यांवर सावली तं नाही? म्हटलं, साहेब, आसपास झाडच नाही! असा ठणकावून बोललो का त्यानं माफी मागतली. दोन दिवसांनी श्यामलाल मेकॅनिक आला, पाट्यांसमोर उभा राहिला अन हिंदीत म्हणाला, "भैया, ये क्या सुखाया है?" दहापैकी चार पाट्यांवर मामीचं जुनं लुगडं, चारी कोपरे घट्ट बांधलेले, वर मोहफुलं. दोन दिवस आमी रोज तिथून गेलो, मामाजी, अन एकालाही दिसलं नाही! खाली वाळवली का बकऱ्या खातात, वर कोण चढते? श्यामलालनं समजावलं का दहाही पाट्या एका दोरीच्या बैलांवाणी असतात, चार बसले का बाकीचे हलत नाही. लुगडं सोडलं, पंप धो धो सुरू. जाताना त्यानं ओंजळभर मोहफुलं खिशात घातली.

पण दोन दिवस धान तहानलं, हे तुमचं खरं. तिथं मामीनंच वाचवलं. सरळ शेतशेजारी भोजराजच्या दारात गेली. "भाऊ, तुमची पानी-पाळी मले द्या." तो म्हणे, देतो, पण तलावाचा गाळ काढायचे माझ्या वाटचे दोन दिवस शालीकनं भरावे. मामी 'बरं' म्हणाली, अन तलावाचं पाणी आपल्या धानाच्या बांधीत. कागद नाही, सही नाही. अशी बाई ज्या घरात हाय, त्या घराले पुस्तकानं काय शिकवावं? पण पंप राहू द्या. डिझेलचा धूर धानाले अन तुमच्या डोळ्याले, दोघांले बाधते.

तुमचा भाचा,
हेमराज

ता. क. मामीवर चिडू नका. लुगडं तिचं, डोकं माझं. "सूर्याचा एकही किरण वाया जाऊ देऊ नये" असं पान नव्वदवर होतं, ते वाचून मीच म्हटलं, मामी, पाट्यांवर वाळव. गाठीही मीच मारल्या.

आणखी ता. क. फक्त कापणीपर्यंत इंजनवाल्याले बोलावू नका. मंग ठरवा. एवढंच मागणं हाय, बाकी पत्र त्याच्यासाठीच होतं.

अन शेवटचं. भोजराजचे दोन दिवस तुमी या डोळ्यानं भरू शकत नाही, म्हणून मी भरतो. आता तुमी ओरडाल का आपल्यात मामानं भाच्याच्या पाया पडावं, त्याच्या हातून माती उपसून घेतली तं पाप लागते. पाप कोणाले लागते ते मंग पाहू. तुमचा फावडा घेतला हाय, जो तुमी कोणाले हात लावू देत नाही. ताई, हे हळू वाच. फोन घरी ठेवून राहिलो, लावू नका. निघालो.