दारापुढचा ब्रेकर

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज परत घासली! खर्रर्र आवाज — सगळ्या गल्लीनं ऐकला असंल. रामेश्वरच्या दारापुढचा तो स्पीड ब्रेकर! ब्रेकर कसला, रस्त्यात आडवा टाकलेला ओंडकाच तो. मुंगीच्या पावलानं घेतली तरी माझ्या झेन गाडीच्या पोटाला लागतोच. आणि सगळं खानदान ओट्यावर उभं. रामेश्वर, त्याची बायको बबिता, पोरगी संस्कृती. दर गुरुवारी आम्ही बीडला निघालो की हे तमाशा बघायला हजर! पोरगी तर टाळ्या पिटते. रामेश्वर हात वर करून ओरडतो — "हळू! हळू!"

हळूच घेतेय की रे मेल्या! तूच घालून ठेवलाय ना मधी?

दिवाळीच्या आधी सासूबाई मोरीत घसरून पडल्या. कमर गेली. भिंत धरल्याशिवाय चालणं नाही. म्हणून दर गुरुवारी बीडला दवाखान्यात शेक आणि व्यायाम. ब्रेकरच्या धक्क्याला बिचाऱ्या "आई गं" करतात. आणि दिवाळी झाल्या झाल्या या माणसानं कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही, सिमेंट ओतून मोकळा! सख्ख्या आईची गाडी आदळावी म्हणून! पोटचं पोरगं म्हणायचं याला.

बघून घेईन. लिहून ठेवते.

१० जानेवारी

डेअरीवर सकाळी दूध मोजून घेत होते. छबुबाई म्हणते, "काल गाडी लई वरडली म्हणं तुझी?" रांगेतल्या बाया फिदीफिदी. मी छबुबाईच्या दुधाची फॅट दोनदा तपासली.

११ जानेवारी

रामेश्वर माझा थोरला दीर. पण इथं त्याला दादा-बिदा म्हणणार नाही. वही माझी आहे.

बंकट, माझे मालक, गेले त्याला दोन वर्षं झाली. ताप डोक्यात गेला, आठवड्याभरात माणूस संपला. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर हा रामेश्वर म्हणाला, "हिच्या पायगुणानं माझा भाऊ गेला." माझ्या डोळ्यातलं पाणी खळलं नव्हतं अजून! आणि लगेच दुसरं वाक्य — "बाईमाणसाला गाडी काय करायचीय? किल्ली द्या इकडं." किल्ली मी चोळीत घातली. म्हटलं, ये, काढून घे.

तेव्हापासून बोलणं बंद, जाणं-येणं बंद. त्याच्या उंबऱ्याला या जन्मात पाय लावणार नाही. सासूबाईंनाही त्याच दिवशी सांगितलं — माझ्याजवळ राहायचं तर तुमचाही पाय तिकडं नको. म्हातारी बोचकं उचलून माझ्या खोलीत आली. शब्द पाळलाय तिनं. त्याबद्दल मानते मी तिला.

१४ जानेवारी, संक्रांत

बबिताकडं हळदीकुंकू. गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया माझ्या दारावरून नटून गेल्या. मला बोलावणं नाही. कावून नाही ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

नका बोलवू. पण ठरलं आता. गाडी उंच करायची. त्या ब्रेकरवरून अशी न्यायची की पोटाला हवासुद्धा लागू नये. ओट्यावरच्यांची तोंडं बघायचीत मला.

सासूबाईंनी तिळाच्या वड्या केल्या. दोन पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या. दात नाहीत, तरी हौस!

१६ जानेवारी, गुरुवार

घासलीच. आज सासूबाईंनी काच पार खाली घेतलती, हात बाहेर. म्हटलं, "आत्याबाई, हात आत घ्या. धूळ येते." तर म्हणतात, "वारं घेते गं." या थंडीत कसलं वारं!

त्या दवाखान्यात व्यायाम करत होत्या तेवढ्यात गुफरानभाईच्या दुकानात गेले. पार्ट त्यांच्याकडूनच घ्यायचे आमचे बंकट. चारी स्प्रिंगा घेतल्या — कंपनीच्या नाहीत, बाहेरच्या, जाड तारेच्या, उंच. चार शॉकअप नवे. गुफरानभाई डोकं खाजवत म्हणाले, "भाभी, इतकी कावून उचलायली? गाडी कडक हुईल. वळणाला संभाळून घ्यावं लागंल."

"घेईन."

"मंग इथं आणा. पोरं बसवून देतील."

नाही! घरीच बसवणार. अंगणात, गल्लीच्या तोंडावर. रामेश्वर रानात जाता-येता बघेल. बघू दे. बंकट गाडीखाली असायचे तेव्हा पाने मीच द्यायचे. बघून बघून हातात आलंय सगळं.

१९ जानेवारी, रविवार

आज मागचं काम. बाजाराचा दिवस, गल्लीत ही वर्दळ!

बंकटची पेटी उघडली. ग्रीसचा वास आला आणि क्षणभर बसूनच राहिले. मग उठले. पुढच्या चाकांना विटा लावल्या. मागून जॅक, आणि बॉडीखाली लाकडाचे ठोकळे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही — हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. मागचं सोपं आहे. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, धुरा खाली सोडला, की स्प्रिंग आपोआप हातात येते. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगेशेजारी उभी केली. जुनी म्हणजे पार वाकलेली म्हातारी!

बाजेवर बसून सासूबाई बघत होत्या.

"योगे, गाडी उंच करायलीस?"

"हो."

"मंग ब्रेकर लागायचा न्हाई?"

"नाही. अन् हळू घ्यायचीही गरज नाही. आता उडवत नेते बघा त्याच्या दारापुढून! तुमच्या कमरेला धक्का नाही, माझ्या डोक्याला ताप नाही."

मला वाटलं खूश होतील. पण संध्याकाळी भाकरी अर्धीच खाल्ली. थंडीचं पोट धरलं असंल.

रामेश्वर दोनदा गेला इथून. दोन्ही वेळा थांबून बघितलं. मी हातोडी जरा जास्तच जोरात मारली.

२० जानेवारी

पुढचं काम लई किचकट. पुढं स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, दाबून धरल्याशिवाय सुटत नाही. सुटली तर तोंड फोडंल. दाबायचा शिकंजा गुफरानभाईंनी दिलाय. दोन्ही बाजूंनी थोडा-थोडा आवळायचा. दोनदा हात मागं घेतला. मग रामेश्वरचं "पायगुणानं" आठवलं — आणि झाला आवळून! रागाचा एवढा तरी उपयोग झाला.

डावीकडचं बसलं. उजवीकडचं उघडायला बसले, तर सतराचा पाना गायब! चहा करायला आत गेलते तेवढ्यात. चाकाशी ठेवलता. अंगण धुंडाळलं, पेटी उपडी केली, शेणाच्या खड्ड्यातसुद्धा बघितलं. सासूबाईंना विचारलं. "मला काय कळतंय तुझ्या पान्यातलं," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

ते दुसऱ्या कुणाचं काम असणार? ब्रेकर घालून पोट भरलं नाही, आता पाना चोरतो! बंकटचा पाना! सख्ख्या भावाच्या हातातला!

दारात उभी राहून चांगल्या चार शिव्या घातल्या. नाव न घेता. ज्याला कळायच्या त्याला कळल्या.

२१ जानेवारी

डेअरी उरकून पहिल्या एसटीनं बीडला, नवा पाना घेऊन परत. काम थांबणार नाही.

उजवीकडचं बसवलं. गाडी चार पायांवर उभी केली, तिचं वजन तिच्यावर येऊ दिलं आणि मग सगळे बोल्ट शेवटचे आवळले. हे बंकटनं शिकवलेलं. अधांतरी आवळले तर रबर पिळा खाऊन फाटतं.

आधी चाकाच्या वर दोन बोटं जागा होती. आता अख्खी मूठ जाते! दहा पावलं मागं जाऊन बघितली. पोरसवदा झाली गाडी. बंकट, बघताय का?

२३ जानेवारी, गुरुवार

जिंकले!!

गल्लीच्या वळणापासूनच दुसरा गिअर. सगळे ओट्यावर होतेच. रामेश्वरचा हात वर गेला, "ह—" एवढंच ऐकू आलं, तोवर मी पार! पोटाला काही लागलं नाही. फक्त एक उसळी, धप्प. जाताना हॉर्न दिला, लांबलचक. आरशात बघितलं तर रामेश्वर तोंड उघडं टाकून रस्त्यात उतरलेला, आणि संस्कृती गाडीमागं पळत येत होती. पळ म्हटलं! लई टाळ्या पिटत होतीस ना?

सासूबाई म्हणाल्या, "थांब की जरा."

"कशाला थांबायचं?"

त्यांनी काच वर करून घेतली. येतानाही तशीच नेली, पार उडवत.

आज जेवण गोड लागलं. दोन वर्षांनी.

२४ जानेवारी

डेअरीवर छबुबाईचं तोंड बंद. एवढंच लिहायचं होतं.

३० जानेवारी, गुरुवार

आज सासूबाई आल्याच नाहीत. "कमर बरी हाय. न्हाई यायचं." काल मोरीपर्यंत जाताना भिंत धरत होत्या आणि म्हणे बरी! समजावलं, रागावले. नवं लुगडं काढून दिलं — दर गुरुवारी स्वतःच हट्टानं नेसायच्या. ते बाजूला सारलं. "तूच जा मिरवत," म्हणाल्या. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, कुणासाठी केलं हे सगळं? तुमच्या कमरेसाठीच ना?

मग निदान अंथरूण तरी उन्हात टाकावं म्हणून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि गादी उचलली.

खाली सतराचा पाना.

मी पाना हातात घेऊन उभी. त्या माझ्याकडं बघत बसल्या, चोरी पकडल्यावर लेकरानं बघावं तशा.

"आत्याबाई, हे काय?"

"म्हणलं, पाना नसला म्हंजी गाडी तशीच ऱ्हाईल."

"अन् कावून तशीच राहावी?"

पदराची गाठ सोडली, परत बांधली. मग एका दमात बोलल्या. जसं आठवतंय तसं लिहिते —

"त्यो ब्रेकर म्याच घालायला लावलाय रामेश्वरला. पडायच्या आदी देवळात जाताना समदी दिसायची गं. उंबऱ्याला पाय न्हाई लावला कधी, तुला दिलेला शबुद हाय. पर रस्त्यावरून तरी दिसायची. पोरगी पळत यायची, आजे आजे करत. पडले तवापासून गाडीतूनच जाणं. अन् तू त्या दारापुढून गाडी अशी दामटायचीस, एक तोंड धड दिसायचं न्हाई. तू डेअरीला गेलतीस तवा आलता त्यो. आत न्हाई आला, भाईर कट्ट्यापाशीच उभा. म्हणला, आये, ती गाडी थांबवत न्हाई. म्या म्हणलं, थांबंल असं कायतरी कर."

मी म्हटलं, "अन् धक्का बसायचा तो? आई गं करायचात ते?"

"त्यो बसू दे की."

काच खाली. हात बाहेर. पदराच्या गाठीतल्या तिळाच्या वड्या. पोरगी टाळ्या पिटत नव्हती, हात हलवत होती. रामेश्वर "हळू" म्हणत होता ते आईला बघायला. माझ्या डोळ्यांदेखत होतं सगळं, आणि मी बघत होते चाकाकडं.

लई राग आला मला. त्यांचा आला, रामेश्वरचा आला, आणि सगळ्यात जास्त कुणाचा ते लिहीत नाही. पाना धुऊन-पुसून पेटीत ठेवला. सासूबाईंशी रात्रीपर्यंत बोलले नाही. जेवायला मात्र वाढलं, आणि शेजारी बसून संपेपर्यंत उठू दिलं नाही.

२ फेब्रुवारी

रामेश्वर रानातून येताना दिसला. मान वळवली मी. "पायगुणानं" म्हणाला होता तो. ते ब्रेकरनं पुसलं जात नाही. नाहीच जाणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज गाडी रामेश्वरच्या दारापुढं, बरोबर ब्रेकरवर, बंद पडली. मीच पाडली. बोनेट उघडलं आणि त्याच्याकडं पाठ करून, सतराचा पाना घेऊन, धडधाकट बोल्ट एकेक करून बघत राहिले. पलीकडं खिडकीची काच खाली होती. "आजे! आजे!" चाललं होतं. रामेश्वर "आये" म्हणाला. मी त्याच्याशी बोलले नाही. बोलणारही नाही.

पुढच्या गुरुवारीही बंद पडंल.