काळ्या पडलेल्या अठरा साड्या

मी, काशीबाई कोंडाजी उतेकर, वय एकाहत्तर, राहणार पोलादपूर, शुद्धीत आणि कुणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणतात. म्हणून घाई.

१. घर आणि मागची भातखाचरं मुलगा हर्षद याला. माझं ऐकून तो बायकोला माहेरून आणायला गेला नाही. आईचं ऐकायचं नव्हतं, नेमकं तेव्हाच त्याने ऐकलं.

२. रंगकामाचं तांब्याचं पातेलं, कापड गुंडाळायच्या काठ्या, हिरड्याची पोती, तुरटी, परसातले तीन साग आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क सून वैशाली, हल्ली राहणार पाचाड, हिला. सागाची कोवळी पानं कापडावर मांडून वाफवली की तांबूस-जांभळा ठसा उठतो. तिचा ठसा माझ्यापेक्षा नितळ यायचा. हे मी तिला एकदाही सांगितलं नाही.

३. कारण लिहिते. चार वर्षांपूर्वी, पुरानंतर, लग्नाच्या ऑर्डरच्या अठरा साड्या हिरड्याच्या पाण्यात भिजवल्या आणि त्या काळ्याठिक्कर पडल्या. हिरड्याला लोखंड लागलं की असंच होतं. काळ्या रंगासाठी ठेवलेलं गंजक्या खिळ्यांच्या पाण्याचं मडकं वैशालीच्या ताब्यात असायचं. मी अंगणात उभी राहून आळीभर ऐकू जाईल असं बोलले, तिचे आईबाप काढले. ती एवढंच म्हणाली, "आई, माझा हात नाय लागला हो त्याला." दुपारच्या एसटीने ती गेली. पुढचं कापड स्वच्छ आलं, तेव्हा मला वाटलं, मीच खरी.

यंदा चैत्रात विहीर आटली म्हणून बोअरचं पाणी घेतलं. कापडाला हात लावणारी मी एकटी, ते मडकं केव्हाच फेकलेलं, तरी कापड काळं पडलं. लोखंड बोअरच्या पाण्यातच होतं. मग आठवलं. पुराचा गाळ विहिरीत आला होता, तेव्हा पिंपात बोअरचं पाणी मीच भरलं होतं. पुढचं कापड उपसलेल्या विहिरीच्या पाण्यातलं.

तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. फोन ती उचलत नाही. का उचलावा? वैशाली, मी पाया पडते गो, एकदा ये. काम नाही केलंस तरी चालेल.

४. त्या साड्यांतल्या सतरा मी जाळल्या, एक ठेवली. मी गेल्यावर माझ्यावर तीच घालावी, आणि ती वैशालीने घालावी. ती आली नाही, तर हर्षदने त्याच अंगणात उभं राहून तिसरं कलम आळीभर ऐकू जाईल असं वाचावं. वाचून होईपर्यंत मला उचलू नये.

काशीबाई कोंडाजी उतेकर (सही)

बाईंनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत:
१. अपेक्षा सकपाळ, शिक्षिका
२. चांगू मोरे, शेजारी. तेव्हाचं बोलणं मी ऐकलं होतं.

पोलादपूर, ९ जुलै २०२५