निवळ रसाचा रंग

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला लिहायचं आत्ता सुचतंय. माझं कायमच असं, बैल गेला अन् झोपा केला. कारखान्यात तुम्ही निवळ रसाच्या टाकीपाशी उभे असायचात. चुना आणि गंधकाची धुरी देऊन निवळलेला रस काचेच्या नळीत घ्यायचा, खिडकीकडे धरायचा आणि सांगायचं, "चुना जरा आवर रं." मेंढरांचा अख्खा कळप रंगावरून ओळखणाऱ्या घरातले तुम्ही. तुमच्या शब्दावर साखर पांढरी निघायची आणि तिकडं निरवांगीपर्यंत लोक तुमच्या नजरेचं नाव काढायचे.

त्या हंगामात मी पुण्याच्या कंपनीतून यंत्र घेऊन आले. बोटाएवढी सळई, तिच्यात केसासारख्या काचेच्या तारा. एका तारेतून उजेड रसात सोडायचा, टोकाच्या बारीक फटीतून तो पलीकडच्या आरशावर जाऊन दुसऱ्या तारेतून परत येणार, आणि रसानं किती उजेड गिळला ते आकड्यात दिसणार. केवढी मिरवत होते मी! तुम्ही तर फिटरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून आलात, "आमच्या लेकीनं इलायती डोळा आणलाय."

चौथ्या दिवशी आकडा चढायला लागला. यंत्र म्हणतंय रस काळा पडलाय. तुम्ही नळी खिडकीत धरता आणि शांतपणे म्हणता, "रस ब्येस हाय, पोरी. तुझी सळई काढून बघ एकदा." शेजारी कारखान्याचे चीफ केमिस्ट आणि आमच्या कंपनीचे साहेब उभे, माझं डोकंच फिरलं. "आबा, आधी तुमचे डोळे तपासून घ्या!" सगळे हसले. तुम्हीही हसलात जरासे, मग नळी धुऊन जागेवर ठेवलीत.

त्याच दुपारी मी सळई काढली. फटीत चुन्याचा पांढरा थर बसला होता. उजेड तो थर अडवत होता, रस नाही. फडक्यानं पुसून सळई परत बुडवली तर आकडा झटकन खाली आला. तुमचंच खरं होतं. तुम्ही वीस पावलांवर होता, आबा. वीस पावलं! पण यंत्र विकलं गेलं नसतं, माझी नोकरी नवी होती, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. मी साहेबांना म्हटलं, "आता रस सुधारला." दुसऱ्या दिवशी तुम्ही आपण होऊन उसाच्या गव्हाणीवर बदली मागून घेतलीत.

बारामतीच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं, तर घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "त्याला काय घावलं न्हाय. यंत्र कशाला खोटं बोलंल? अन् आपली लेक तरी?" मी समोर भाकरी मोडत होते. पुढं इंदापूरच्या बाजारात टोपी घेतानासुद्धा तुम्ही आईला विचारायचात, "पांढरी हाय का पिवळी पडलीया गं?" मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटायचं. नाही सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी घरी येऊन मी जेवायचे.

इथवर लिहून कागद मागच्या रविवारी आईकडे घेऊन गेले होते. तुम्हाला नाही तर तिला तरी वाचून दाखवू म्हटलं. ओसरीवर शेजारीण बसली होती आणि आई तिला सांगत होती, "शेवटाला त्यास्नी रंगच कळंना झालता, बाई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय का न्हाय गं?"

मी म्हटलं, व्हय.